गाविलगडाच्या लढाईत कुत्री होती का?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची मंडळी गाविलगडावर गेलो होतो. परतताना मुलाने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. तीत कुत्र्यांच्या पाठीवर बॉम्ब बांधून त्यांना रणगाड्यांखाली पाठवत होते. तेव्हापासून तो विचारतो आहे, की 1803 साली आपल्या गडावरही कुत्री लढली असतील का? मराठ्यांच्या फौजेत मुधोळ कुत्र्यांचे पथक होते, असेही त्याने कुठेतरी वाचले आहे. ते खरे का? आणि इतके चपळ, दातांचे आणि धन्यासाठी जीव देणारे जनावर असताना घोड्या-हत्तीसारखे ते लढाईत का रुळले नाही?
– एक वाचक, अचलपूर

उत्तर : तुमच्या मुलाने एका प्रश्नात तीन प्रश्नांची मोळी बांधली आहे. पहिला गाविलगडाचा, दुसरा मराठ्यांच्या फौजेचा आणि तिसरा कुत्र्याच्या स्वभावाचा. पहिल्या दोन्हींचे उत्तर थोडक्यात देता येते. तिसऱ्यासाठी मात्र जरा बसून बोलावे लागेल, कारण खरी गंमत आणि खरे दुःखही तिथेच आहे.

आधी आपला गड. 1803 च्या सप्टेंबरात असईची लढाई झाली, 29 नोव्हेंबरला अकोल्याकडच्या अडगावची झाली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज तुमच्या अचलपुरात येऊन थांबली. अडगावच्या जखमींसाठी इस्पितळ उभारले गेले ते इथेच. पुढे कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगराला वळसा घालून, वाटा तोडत गडाच्या उत्तरेला तोफा चढवल्या. भिंतीला भगदाड पडले आणि 15 डिसेंबरला गड गेला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. या वेढ्याच्या हकिकतींत तोफा आहेत, शिड्या आहेत, पायदळ आहे. कुत्र्यांचे पथक कोणत्याही बाजूला नाही. त्या मोहिमेत जनावर कामाला आले ते बैल. दाणागोटा आणि तोफा ओढायला चांगले बैल मिळावेत, याची चिंता वेलस्लीच्या पत्रांतून सतत डोकावते.

हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये नेपोलियनच्या फौजांशी लढताना त्याच्या छावणीत शिकारी कुत्र्यांचा ताफा होता. पण तो होता कोल्ह्यांच्या शिकारीसाठी. सुट्टीच्या दिवशी अधिकारी घोड्यांवर बसून कुत्र्यांमागे धावायचे आणि लढाईच्या दिवशी कुत्री छावणीतच राहायची. इथे पहिला गैरसमज दूर होतो. फौजेबरोबर कुत्री होती एवढ्यावरून ती लढायला होती, असे म्हणता येत नाही. जुन्या चित्रात सरदाराच्या घोड्याशेजारी कुत्रा दिसला, तर तो बहुधा शिकारीचा किंवा लळ्याचा.

आता मराठ्यांची फौज. मुधोळ हे आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातले गाव. तिथे घोरपड्यांचे संस्थान होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी लांब पायांच्या, चिपाड अंगाच्या या शिकारी कुत्र्यांची जोपासना केली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला ती भेट दिली. तेव्हापासून त्यांना मुधोळचे नाव चिकटले. त्याच घडणीच्या कुत्र्याला दख्खनमध्ये कारवानही म्हणतात. म्हणजे शिवकाळात ‘मुधोळ पथक’ होते असे म्हणणे हे नंतरचे नाव आधीच्या काळाला लावणे झाले. भारतीय लष्कराने या जातीची पिल्ले मेरठला नेऊन शिकवायला सुरुवात केली, तीही अगदी अलीकडे, 2016 मध्ये. चित्रफितींत ही दोन टोके एकत्र बांधली जातात आणि मधली तीनशे वर्षे गळून पडतात.

शिवाय गनिमी काव्याची सगळी भिस्त असते गुपचूप हालचालीवर. रात्री घोड्यांवरून कोसच्या कोस मारायचे, पहाटे छापा घालायचा आणि उजाडायच्या आत दूर निघून जायचे. अशा फौजेला भुंकणारा, थकणारा आणि वाटेतल्या प्रत्येक गावच्या कुत्र्यांना जागे करणारा सोबती अडचणीचाच.

मराठी इतिहासात कुत्र्याला मान नव्हता असे मात्र नाही. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या प्रसिद्ध आहे. त्याने शिकारीत वाघापासून महाराजांचा जीव वाचवला, म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला, अशी कथा सांगतात. संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. रायगडावरच्या वाघ्याची कथाही निष्ठेची आहे. या दोन्ही कथांत कुत्रा शत्रूवर सोडलेला नाही. तो आपल्या माणसापाशी राहिलेला आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडेल.

त्याहून मागे गेलो तर हिंदुस्थानातल्या कुत्र्यांचा डंका थेट परदेशात वाजत होता. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहिले आहे, की बाबिलोनच्या इराणी सुभेदाराने इतकी हिंदुस्थानी कुत्री पाळली होती, की चार गावांना बाकीचे कर माफ करून फक्त या कुत्र्यांच्या खाण्याची जबाबदारी दिली होती. झर्क्सीस राजाच्या ग्रीसवरच्या स्वारीतही फौजेमागून हिंदुस्थानी कुत्री चालत होती. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुत्र्यांचे काम अधिक नेमके सांगितले आहे. कुत्र्यांचे कळप बाळगणाऱ्या पारध्यांनी रानात फिरावे आणि चोर किंवा शत्रू येताना दिसला, की झाडावर वा डोंगरावर लपून शंख किंवा नगारा वाजवावा. इथेही कुत्री आहेत ती पहाऱ्याला. चाहूल लागावी, इशारा मिळावा, एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित आहे.

मग कुत्रा खरोखर शस्त्र म्हणून कुठे वापरला गेला? याचे उत्तर सांगताना बरे वाटत नाही, पण ते टाळताही येत नाही. सोळाव्या शतकात स्पेनचे लोक अमेरिकेत उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर धिप्पाड मास्टिफ आणि चपळ ग्रेहाउंड होते. त्यांच्या सरदारांपैकी पोन्से दे लेओनचा बेसेरिल्यो आणि बाल्बोआचा लेओन्सिको ही कुत्र्यांची नावे इतिहासात राहिली आहेत. लेओन्सिकोच्या नावे सैनिकासारखा लुटीचा वाटा निघे आणि तो अर्थातच धन्याच्या खिशात जाई. 1513 साली पनामात बाल्बोआने पकडलेल्या स्थानिक माणसांवर कुत्री सोडून त्यांना फाडून मारले. स्पॅनिश भाषेत या शिक्षेसाठी वेगळे क्रियापदच तयार झाले.

पुढे 1795 साली जमैकात डोंगरांत राहणारे मरून लोक इंग्रजांविरुद्ध उठले. हे गुलामगिरीतून निसटलेल्यांचे वंशज. त्यांच्यासाठी क्युबाहून सुमारे 100 कुत्री आणि त्यांना सांभाळणारी 40 माणसे आणवली. कुत्र्यांना लढावे लागलेच नाही. ती आल्याच्या बातमीनेच पुष्कळांचा धीर सुटला. आणि तुमच्या गाविलगडाला वेढा पडला त्याच 1803 साली, समुद्रापलीकडे हैतीमध्ये, फ्रेंच सेनापती रोशांबोने क्युबाहूनच कुत्री मागवून बंड केलेल्या माणसांवर सोडली. त्याने फ्रेंचांना काही वाचवले नाही. नोव्हेंबरात ते व्हर्तिएरची निर्णायक लढाई हरले आणि 1804 च्या 1 जानेवारीला हैती स्वतंत्र झाला.

या तिन्ही ठिकाणी काय सारखे आहे ते पाहा. कुत्री आणली गेली ती बांधलेल्या, पळणाऱ्या किंवा पुरेशी हत्यारे नसलेल्या माणसांविरुद्ध. त्यांचा उपयोग लढाई जिंकण्यापेक्षा दहशत बसवण्यासाठी होता. म्हणून ‘कुत्रे युद्धात फार प्रभावी होते’ असे कोणी सांगितले, तर आधी विचारावे, की समोर कोण होते? हातात बंदूक घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या पलटणीपुढे कुत्रे टिकत नाही. दात लागायला अंगाशी भिडावे लागते, गोळीला तशी गरज नसते.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. घोडा आणि हत्ती रुळले, कुत्रा का रुळला नाही? घोड्याच्या पाठीवर माणूस असतो. लगाम त्याच्या हातात, टाच त्याची आणि कुठे वळायचे हा निर्णयही त्याचाच. हत्तीवर माहूत असतो. कुत्र्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. साखळी सोडली, की त्या क्षणापासून निर्णय कुत्र्याचा. आणि कुत्रा निर्णय घेतो तो आपल्या नाकाने, भीतीने, सवयीने आणि मायेने. सेनापतीच्या नकाशाने नव्हे.

अचलपूर-परतवाड्याकडे संत्र्याच्या बागा आहेत, तेव्हा तुम्हाला हे पटवून द्यावे लागू नये. बागेचा कुत्रा रानडुकरामागे धावतो, भुंकून रान उठवतो आणि थोड्या वेळाने राखणदाराच्या खाटेपाशी परत येतो. बागेची हद्द कुठे संपते, सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे त्याला ठाऊक नसते. त्याला राखणदाराचा वास ठाऊक असतो. उद्या मालक नव्या कपड्यांत अवेळी आला, तर तो त्याच्यावरही भुंकेल. लढाईतही हेच होते. आपला गणवेश आणि शत्रूचा गणवेश हा भेद माणसांनी केलेला. कुत्र्याला तो जन्माने कळत नाही. धूर, रक्त आणि आरडाओरडा यांत तर मुळीच नाही.

हे न ओळखता केलेल्या दोन प्रयत्नांची कथा सांगतो. पहिली तुमच्या मुलाने पाहिलेल्या चित्रफितीची. सोव्हिएत रशियाने 1930 च्या दशकात रणगाडे उडवायला कुत्री शिकवायला घेतली. मूळ बेत असा होता, की कुत्र्याने बॉम्ब रणगाड्याखाली न्यावा, दातांनी दोरी ओढून तो सोडावा आणि परत यावे. ते कुत्र्यांना जमेना. तेव्हा बेत बदलला. पाठीवर सुमारे 10 ते 12 किलो स्फोटके आणि वर उभी लाकडी दांडी. कुत्रा रणगाड्याखाली शिरला, की दांडी तळाला अडून वाकायची आणि स्फोट व्हायचा. यात कुत्र्याला परतीची वाटच ठेवलेली नव्हती. शिकवण्याची रीत म्हणजे त्यांना उपाशी ठेवायचे आणि खाणे रणगाड्याखाली मांडायचे.

1941 साली जर्मन फौजा चालून आल्या आणि कुत्री रणांगणावर सोडली गेली. सरावात रणगाडे बहुतेक उभे असत. इथे ते धावत होते आणि गोळ्या झाडत होते. सराव सोव्हिएत रणगाड्यांवर झाला होता. त्यांच्या डिझेलचा वास ओळखीचा, जर्मन रणगाड्यांच्या पेट्रोलचा अनोळखी. घाबरलेली कुत्री फिरली आणि संकटात प्रत्येक कुत्रा जिथे जातो तिथे गेली – आपल्या माणसांकडे. पाठीवरचा बॉम्ब तसाच होता. खंदकात उडी मारताना काहींचा स्फोट झाला आणि त्यांना वाढवणारे सैनिकच जखमी झाले, मेले. काही कुत्र्यांनी रणगाडे उडवलेही, पण सोव्हिएत बाजूने पुढे सांगितलेल्या मोठ्या आकड्यांवर इतिहासकारांचा विश्वास नाही. जर्मनांनी दिसेल तो कुत्रा गोळी घालून मारायचे हुकूम दिले, तेव्हा बाकीच्याही जनावरांचा जीव स्वस्त झाला.

यात एक बारीक गोष्ट आहे. ती कुत्री चुकली नव्हती. उपाशीपोटी जिथे खाणे मिळाले तिथे जायला ती शिकली आणि भीती वाटली तेव्हा विश्वासाच्या माणसाकडे धावली. दोन्ही वेळा ती कुत्र्यासारखीच वागली. चूक झाली ती त्यांच्या निष्ठेचा सापळा करणाऱ्यांची.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. 1942 साली मिसिसिपीच्या किनाऱ्याजवळच्या कॅट आयलंड नावाच्या बेटावर एक प्रयोग झाला. विल्यम प्रेस्त्रे नावाच्या एका स्विस गृहस्थाने लष्कराला पटवले, की जपानी माणसांना वासावरून ओळखून त्यांच्यावर तुटून पडणारी कुत्र्यांची झुंड तयार करता येईल. सरावासाठी अमेरिकेच्याच फौजेतले जपानी वंशाचे सुमारे 25 सैनिक त्या बेटावर नेले आणि त्यांना कुत्र्यांपुढे सावज म्हणून उभे केले. प्रयोग साफ फसला आणि 1943 च्या सुरुवातीला गुंडाळला गेला. फसण्याचे कारण सरळ आहे. माणसाचा वास प्रत्येकाचा वेगळा असतो, वंशाचा नसतो. कुत्रा ‘हा अमुक देशाचा’ असे हुंगत नाही. तो ‘हा अमुक माणूस’ असे हुंगतो. आणि ज्याच्या हातून खाणे मिळाले त्याच्याशी तो मैत्री करतो. शत्रुत्वाची कल्पना माणसाच्या डोक्यात होती, कुत्र्याच्या नाकात ती सापडली नाही.

इथे तुम्ही विचाराल, की मग सैन्यात आणि पोलिसांत आजही श्वान पथके का आहेत? कारण लोकांनी हळूहळू दातांकडून नाकाकडे लक्ष वळवले. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या सुमारे 50 ते 60 लाख पेशी असतात; कुत्र्याच्या काही जातींत त्या 30 कोटींपर्यंत असतात. पहिल्या महायुद्धात कुत्र्यांनी खंदकांमधून निरोप नेले आणि जखमी शोधले. दुसऱ्यात सुरुंग शोधले, पहारे दिले. ही कामे टिकली, कारण त्यांत कुत्रा एकटा सोडलेला नसतो. त्याच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस असतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबई पोलिसांचा झंजीर हा लॅब्राडोर पुण्याच्या शिवाजीनगरमधल्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकला. 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांनी मुंबईत 257 जणांचे बळी घेतले. त्यानंतरच्या दिवसांत झंजीर धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरपाशी अडला. तीत स्फोटके भरलेली होती. त्याच्या नावावर 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब आणि 6,406 काडतुसे शोधल्याची नोंद आहे. 16 नोव्हेंबर 2000 रोजी तो हाडांच्या कर्करोगाने गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. 2008 च्या मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर या चौघा कुत्र्यांनी काम केले. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर मागे राहिलेले हातबॉम्ब सीझरने हुडकले.

इथे आणखी एक गैरसमज असतो, की ही कुत्री रागीट करून, उपाशी ठेवून तयार करतात. तसे नाही. स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्याला तो सगळा खेळ वाटतो. अमुक वास सापडला, की शांतपणे बसायचे, मग चेंडू किंवा खाऊ मिळतो आणि सोबतच्या माणसाची शाबासकी मिळते. बॉम्ब म्हणजे काय हे त्याला कधीच कळत नाही. त्याला त्या माणसाचा आनंद कळतो. पोलिसांत अशा माणसाला श्वानहस्तक म्हणतात आणि हे नाव योग्यच आहे, कारण दोघे मिळूनच एक हत्यार होतात. सुटे केले, की दोघेही अर्धे.

भारतीय लष्कराची कुत्री मेरठच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात शिकतात. त्यांत ‘असॉल्ट’ म्हणजे चढाईची कुत्रीही आहेत. दहशतवादी लपलेल्या घरात जवानांच्या आधी ती शिरतात. ऑक्टोबर 2022 मध्ये अनंतनागजवळ झूम नावाचा बेल्जियन मॅलिनॉय असाच एका घरात शिरला. दोन गोळ्या लागल्या तरी तो मागे हटला नाही आणि 13 ऑक्टोबरला श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात त्याने प्राण सोडला. सप्टेंबर 2023 मध्ये राजौरीत केंट ही लॅब्राडोर आपल्या हस्तकाला वाचवताना गोळीला बळी पडली. म्हणजे शस्त्र म्हणून कुत्र्याचा वापर आजही होतो, हे मान्य करायला हवे. फरक एवढाच, की आजच्या चढाईच्या कुत्र्यामागे काही पावलांवर त्याचा हस्तक असतो आणि काम झाले, की परत यायची वाट उघडी असते. ती प्रत्येक वेळी पुरी पडत नाही.

म्हणूनच त्यांच्यावरची आपली जबाबदारी मोठी. पूर्वी लष्करात काम न होणाऱ्या कुत्र्यांना औषध देऊन मरण दिले जाई. त्यावर लोकांनी आवाज उठवला, प्रकरण न्यायालयात गेले आणि आता निवृत्त कुत्री दत्तक देता येतात. मुंबईच्या त्या चौघांपैकी अखेरपर्यंत उरलेला सीझर 2016 साली विरारच्या एका शेतघरात, आपल्या जुन्या सोबत्यांच्या मागोमाग गेला. सेवेनंतर त्यांना मोकळे अंगण मिळाले होते. तेवढे प्रत्येकाला मिळायला हवे.

तेव्हा मुलाला असे सांगा : गाविलगडावर कुत्री लढली नाहीत आणि मराठ्यांच्या फौजेत मुधोळ पथक नव्हते. कुत्र्याला शस्त्र करण्याचा प्रयत्न जगात अनेकदा झाला आणि जिथे त्याला माणसापासून तोडून नुसते सोडले, तिथे तो एक तर दुबळ्यांवर अत्याचार ठरला, नाही तर उलटून आपल्याच खंदकात आला. कुत्र्याला देश कळत नाही, शत्रू कळत नाही. त्याला आपला माणूस कळतो. पुढच्या वेळी बागेत गेलात, की राखणदाराच्या खाटेखाली झोपलेल्या कुत्र्याकडे त्याला बघायला सांगा. रात्रभर डुकरे हाकून तो तिथेच का येऊन झोपतो, हे त्याला कळले, तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळाले.